कॉम्प्युटर हिशेब करतो, मग मी काय शिकते?

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "बेरीज-वजाबाकी मशीन करतं, टॅली तुला येतंच. मग चालू नोकरी सोडून विद्यापीठात हिशेबाचं नवीन काय शिकवतात?" मी "सिस्टीम" असं काहीतरी पुटपुटले आणि तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून सविस्तर लिहिते.

हिशेब कसा करायचा, हे इथे कोणी शिकवत नाही. नोंद कुठून आली, कोणी केली, मागाहून कोणी बदलली आणि बदलली तर ते उघडकीला येईल का, यासाठीच सगळा खटाटोप आहे. त्यातलं बरंचसं तुम्ही मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून करतच होता. हळदीचा सौदा झाला की तोलाराची चिठ्ठी वेगळी यायची, सौद्याची नोंद वेगळी असायची, आणि दोन्ही जुळल्याशिवाय तुम्ही शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या हाती पडणाऱ्या पैशांचा हिशेब, करत नव्हता. शेतकरी दारात ताटकळला तरी नाही. इथे याला थ्री-वे मॅच म्हणतात: मागणी, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळलं तरच पैसे सुटतात.

आई, तुझी एक जुनी तक्रार होती. इतकी वर्षं इमानाने राबूनही शेठनी गल्ल्याची चावी कधी बाबांच्या हातात दिली नाही. तुला तो अविश्वास वाटायचा. पण जो वही लिहितो त्याच्याकडे रोकड नसावी आणि जो खर्च मंजूर करतो त्याने वही लिहू नये, हा आमच्या विषयातला अगदी पहिला धडा आहे. शेठ ते जाणून करत होते की सवयीने, देव जाणे.

कॉम्प्युटर आला म्हणून ही काळजी संपत नाही, उलट वाढते. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा २०१८ मध्ये बाहेर आला, तो आम्ही वर्गात सविस्तर अभ्यासला. मुंबईच्या एका शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखांना हमीचे संदेश स्विफ्ट या यंत्रणेवरून जात होते. बँकेची मुख्य हिशेबप्रणाली वेगळी होती आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संदेश गेला, पण हिशेबात नोंदच नाही. त्यामुळे हजारो कोटींच्या हमीचा वहीत मागमूस नव्हता. बेरजा बरोबर असतील, पण ज्याची नोंदच नाही त्याची बेरीज कोण करणार?

चुकलेला आकडा तुम्ही खोडून काढत नव्हता. एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे, हा तुमचा हट्ट. आता कंपन्यांना तोच हट्ट कायद्याने लागू झालाय. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहायला हवी आणि ती सोय बंद करता येता कामा नये.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटणार नाही. विल्यम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८२ मध्ये मांडलं की मुळात जमा-नावे साठवूच नका. काय घडलं, कशाची देवघेव झाली आणि कोणाकोणात झाली, एवढंच नीट साठवा; खतावणी, तेरीज, ताळेबंद त्यातून हवं तेव्हा काढता येतं. "जमा-नावे नाही तर हिशेब कसला!" हे तुमचं वाक्य मला इथपर्यंत ऐकू येतंय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पट्टीपुरतं बघा: सौदा, हळद, शेतकरी, खरेदीदार, हमाली, तोलाई, आगाऊ घेतलेली उचल. खरी माहिती तेवढीच आहे.

म्हणून प्रकल्पासाठी मी हळदीचा सौदाच घेतलाय, आणि त्यासाठी तुमची जुनी पट्टीपुस्तकं हवी आहेत. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही भांड्यांच्या आधी ती माळ्यावर चढवलीत म्हणून आई किती चिडली होती! आई, दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नकोस. आणि बाबा, तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, मी आल्यावर काढेन. शेतकऱ्यांची नावं मी कुठेही देणार नाही, सगळ्यांना क्रमांक देईन. तसेही एका गावात एकाच नावाचे दोघं असले की तुम्ही "मळ्यातला" आणि "वेशीतला" असं लिहायचात. कॉम्प्युटरला मळा आणि वेस कळत नाही.

एक अडलंय तेवढं सांगा. उचल फिटायच्या आधीच शेतकरी वारला, आणि पुढच्या हंगामात दोन भावांनी वेगवेगळी हळद आणली, तर ती बाकी कोणाच्या पट्टीतून कापायचात? पुस्तकात याचं उत्तर नाही. फोनवर सांगू नका, कागदावर लिहा. आई फोटो काढून पाठवेल.

तुमची,
रूपा