मानसिक तपासणीचे कोड बिलापुरते नसतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत मानसिक आजारांच्या कोडबद्दल (केसपेपरवर निदानासाठी लिहायच्या अक्षर-आकड्यांच्या खुणांबद्दल) जो लेख आला आहे, त्यातले ‘कोड बिलापुरते असतात, जवळपासचा कोणताही टाकला तरी चालतो’ हे वाक्य वाचून राहवले नाही. मी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात हेच काम करते.

बिलापुरता टाकलेला कोड पुढे काय करतो, ते आमच्या घराने भोगले आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान अचानक गेले. तिची झोपच उडाली, म्हणून महिनाभराने तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. केसपेपरवर डॉक्टरांच्याच अक्षरात आहे: झोप कमी, रडू येते, जेवण ठीक, शाळेत शिकवायला जाते, आत्महत्येचे विचार नाहीत. आणि खाली निदानाच्या रकान्यात एफ ३२.२, म्हणजे तीव्र नैराश्य! ज्याला घरकाम, नोकरी रेटणे जवळपास अशक्य होते, त्या रुग्णाचा हा कोड. पहिल्याच भेटीत तो कशाच्या आधारावर लिहिला? चौकशी केली तेव्हा बिलिंगच्या खिडकीवर सांगितले, झेडचा, म्हणजे आजार न दाखवता नुसती अडचण दाखवणारा कोड टाकला तर विम्याचा क्लेम परत येतो. पुढे मुलांच्या काळजीने बहीण आयुर्विमा काढायला गेली, तर हाच कागद आडवा आला आणि प्रस्ताव नामंजूर झाला. कोड दुरुस्त करून मिळावा म्हणून अर्ज दिला. ‘एकदा नोंद झाली की झाली’ असे तोंडी सांगून तिची बोळवण केली. लेखी उत्तर आजतागायत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये, म्हणजे हे कोड ज्या यादीतून घेतात तिच्या दहाव्या आवृत्तीत, याची सोय आहे. घरातले माणूस गेल्यामुळे आलेल्या अडचणीला झेड ६३.४ आहे. बेचैनी, उदासी अशी नुसती लक्षणे असतील तर आर ४५ खालचे कोड आहेत. संशयावरून तपासले आणि आजार निघाला नाही, तर झेड ०३.२. निदान पक्के झाले नसेल तर लक्षण किंवा अडचण नोंदवावी, हा नियमही त्याच संघटनेचा आहे. एवढे असताना क्लेमसाठी आजार वाढवून लिहायचा, ही रुग्णाशी केलेली प्रतारणा आहे, असे मी स्पष्ट म्हणते.

दयेपोटी सौम्य कोड लिहिणारेही आहेत, आणि तेही तितकेच घातक. उन्मादाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला एफ ३१ (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) ऐवजी साधे नैराश्य लिहिले, तर पुढचा डॉक्टर त्यावर विसंबून नुसत्या नैराश्याच्या गोळ्या देईल, आणि त्यातून उन्माद पुन्हा उसळू शकतो. आपल्या लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या चौकटीत एफ ३२ आणि ६ए७० हे नैराश्याचे दोन कोड एकाच यादीत छापले आहेत. पहिला आयसीडी-१० चा, दुसरा आयसीडी-११ चा. नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी दोन्हींची सरमिसळ करून चालत नाही. कित्येक वाचक असे कात्रण जपून ठेवतात आणि आपल्या केसपेपरशी ताडून पाहतात. तेव्हा चौकटीची दुरुस्ती लेख होता त्याच पानावर, त्याच आकारात छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक