कुत्रं आडवं आलंच नव्हतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्यांचा दंड वाढवून अपघात कमी झाले का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात दोन्ही बाजूंनी बरंच लिहून आलं. माझं साताऱ्याजवळ महामार्गालगत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. ठोकलेली गाडी पोलिसांच्या खालोखाल आम्हीच जवळून बघतो, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

आमच्या धंद्यात सगळ्यात बदनाम प्राणी म्हणजे कुत्रं. विम्याच्या क्लेमच्या फॉर्मवर 'अपघात कसा झाला' असा रकाना असतो, त्यात निम्म्या वेळा कुत्रंच आडवं आलेलं असतं. ते नसलं तर पुढच्यानं अचानक ब्रेक मारलेला असतो. 'फोन बघत होतो' असं लिहिलेला फॉर्म बावीस वर्षांत माझ्या नजरेला पडलेला नाही.

पत्रा मात्र खोटं बोलत नाही. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं आणि मार वर, बोनेटच्या कडेला बसतो. ब्रेक न लागताच धडकली तर बंपर सरळ आत जातो. दिवाळीनंतर अशीच एक गाडी टोचन करून आणली. साताऱ्याजवळच्या शेंद्र्याच्या पुढं महामार्गाच्या सहापदरीकरणाचं डायव्हर्जन आहे, तिथं थांबलेल्या गाडीला मागून धडकलेली. बंपर रेडिएटरपर्यंत आत, बोनेटची कड जवळजवळ शाबूत. मालक तिशीचा पोरगा, फॉर्मवर अर्थातच कुत्रं. चहा घेताना मी सहज विचारलं, तर त्यानं गुपचूप फोन पुढं केला. मेसेज अर्धाच टाइप झालेला होता : 'शेंद्रे सोडलं, पोचतो वी'. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. 'वीस' हा शब्द पुरा करायला तेवढाही वेळ लागत नाही.

आता आकड्यांकडे बघा. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात मोबाईलच्या वापरामुळे गेलेली ३,३९५, म्हणजे शंभरात दोन. बाकी बहुतेक खापर अतिवेगावर. अतिवेग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण वेग तपासणाऱ्याला दिसतो, फोन तो यायच्या आत खिशात गेलेला असतो. मग कायद्यानं फरक पडला की नाही हे ठरवायचं कशावरून? मोजमापाची पट्टीच मुळात तुटकी आहे.

कायदा नको असं माझं मुळीच म्हणणं नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्यात घातलं, पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही ठेवली, ते योग्यच झालं. पण नुसत्या दंडानं काय होतं तेही ऐका. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेनं २०१० मध्ये मेसेजबंदी केलेल्या चार राज्यांतले क्लेम तपासले. अपघात कमी झाले नव्हतेच, उलट तीन राज्यांत थोडे वाढलेले निघाले. लोक पकडले जाऊ नये म्हणून फोन आणखी खाली, मांडीवर धरू लागले असावेत, असा त्यांचा अंदाज. आपल्याकडे वेगळं काय आहे? साताऱ्याच्या पोवई नाक्यावर मामा दिसले की फोन मांडीवर, तिथल्याच ग्रेड सेपरेटरच्या भुयारात शिरला की पुन्हा कानाला. (हेल्मेटच्या आत फोन खुपसून बोलणारे आणखी वेगळे. त्यांना निदान हेल्मेट घातल्याचं पुण्य मिळतं.)

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं यावर रस्त्यावरच फोन टिपणारे कॅमेरे बसवले, २०२० च्या मार्चपासून दंडही सुरू केला. महामार्गावर तसे कॅमेरे येतील तेव्हा येतील. माझी मागणी त्याहून स्वस्तातली आहे. माणूस दगावला किंवा गंभीर जखमी झाला, अशा प्रत्येक अपघातात चालकाचा फोन त्या मिनिटाला वापरात होता का, हे मोबाईल कंपनीकडून कॉल-डेटाची नोंद मागवून तपासावं आणि पंचनाम्यात लिहावं. हल्ली पोलीस अपघाताची माहिती आयरॅड या अपघातांच्या नोंदीच्या सरकारी ॲपवर भरतातच, तिथंच ही नोंदही जावी. आणि फोन करणाऱ्याचंही नाव निघू द्या. माझ्याकडे येणारी डिलिव्हरीची पोरं सांगतात, 'शेठचा फोन उचलला नाही तर संध्याकाळी बोलणी खावी लागतात.' दंडाची पावती मात्र पोराच्या नावावर.

यात मीही धुतल्या तांदळासारखा नाही. त्या शेंद्र्याच्या गाडीचा फॉर्म मी वाचला होता, मेसेजही बघितला होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, बंपरचे फोटो काढले, 'कुत्रं का?' म्हणाला. मी मान डोलावली आणि त्याला चहा सांगितला.

आपला,
एक गॅरेजवाला, सातारा