खात्याचे नाव मराठीत असल्याने ड्रॉइंग व्ह्यूअर सुरू होत नाही: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. गिऱ्हाईक ड्रॉइंगची स्टेप किंवा डीडब्ल्यूजी फाइल पाठवते, आम्ही ती तुमच्या व्ह्यूअरमध्ये उघडून मापे घेतो आणि मगच जॉब व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) चढवतो. गेल्या सोमवारी तुमचे अपडेट आपोआप बसले. तेव्हापासून आयकॉनवर क्लिक केले की तुमचा लोगो क्षणभर दिसतो आणि सगळे बंद होते.

तुमच्या माणसांनी सांगितले ते सगळे केले. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, व्हिज्युअल सी++ चे रनटाइम काढून पुन्हा बसवले, अँटीव्हायरस बंद ठेवून पाहिला. चौथ्या फोनला उत्तर आले, ‘विंडोज फॉरमॅट करा.’

शेवटी तुमची लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची) मी स्वतः उघडली. टेम्प फोल्डरच्या पत्त्यात ‘यूजर्स’च्या पुढे सात प्रश्नचिन्हे होती. माझ्या विंडोज खात्याचे नाव ‘कारखाना’ आहे. चार अक्षरे, तीन काने, बरोबर सात. विंडोज ज्या जुन्या कोडपेजांवर, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यांवर, चालवता येते त्यांत देवनागरीला जागाच नाही; तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता, लागतो. तुमची नवी आवृत्ती हा पत्ता जुन्या पद्धतीने वाचत असणार, म्हणून प्रत्येक चिन्हाचे प्रश्नचिन्ह झाले. आणि प्रश्नचिन्ह तर विंडोज फोल्डरच्या नावात चालवूनच घेत नाही, मग तो सापडणार कसा? खात्रीसाठी रोमन अक्षरांत दुसरे खाते काढले. तिथे व्ह्यूअर पहिल्या फटक्यात उघडला.

हे कळवल्यावर मला सांगण्यात आले, ‘नाव इंग्रजीत करून घ्या.’ तेही केले. पण त्याने पडद्यावरचे नाव बदलते, फोल्डरचे तेच राहते. एवढे तरी तुमच्या माणसांना ठाऊक हवे होते. माझ्या संगणकावर माझ्या भाषेतले नाव असणे हा बिघाड नाही. तुमची आधीची आवृत्ती याच खात्यावर तीन वर्षे चालली.

या घोळात व्हीएमसी दोन शिफ्ट उभी राहिली. व्ह्यूअर बंद, हाताशी फक्त पीडीएफ; तिच्यात काउंटरबोअरची (बोल्टचे डोके बसते त्या रुंद भोकाची) खोली दिली नव्हती आणि अंदाजाने टूल लावायला मशीन लावणारा सेटर तयार नव्हता. त्याचे बरोबरच होते. जॉब उशिरा गेला, बोलणी मी खाल्ली.

आधीच्या आवृत्तीची इन्स्टॉल फाइल मला दोन दिवसांत पाठवा. पुढच्या अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त करा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामला यूटीएफ-८ (युनिकोडचेच) कोडपेज मागता येते, तेव्हा मार्ग नाही असे म्हणू नका. बंद राहिलेले दिवस माझ्या लायसन्समध्ये वाढवून द्या. आणि मराठी, हिंदी नावाच्या खात्यावरून पुढचा फोन येईल तेव्हा त्या माणसाला फॉरमॅट करायला लावू नका.

लॉग फाइल, दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट आणि लायसन्सची पावती सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
शिरोली, जि. कोल्हापूर