ग्रेटेलला का वगळलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला निरागस बालपणावरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे, त्याबद्दल आभार. पण 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (२००८) या सिनेमावर दोन रकाने लिहूनही त्यात ब्रूनोपलीकडे, म्हणजे नाझी छळछावणीच्या कमांडंटच्या लहान मुलापलीकडे, कुणी नाही, याचा मला राग आला.

मुलं द्वेष कशी शिकतात, हे त्या सिनेमात दिसतं ते ब्रूनोच्या बहिणीत, बारा वर्षांच्या ग्रेटेलमध्ये. दोघांना घरी येऊन शिकवणारे मास्तर एकच, धडेही तेच. ब्रूनो कंटाळतो, त्याला साहसाच्या गोष्टी हव्या असतात. ग्रेटेल मन लावून शिकते. तिच्या बाहुल्या तळघरात जातात, भिंतीवर नाझींची पोस्टरं येतात. तिला कुणी धाक घातलेला नाही. तिला मोठं व्हायचंय, घरी येणाऱ्या त्या तरुण लेफ्टनंटच्या नजरेत भरायचंय. ती चांगली विद्यार्थिनी आहे, आणि तीस वर्षं शिकवलेल्या मला तेच बघवत नाही.

१९३८ साली न्यूरेंबर्गला यूलियस श्ट्रायखर या ज्यूद्वेष्ट्या नाझी पुढाऱ्याच्या प्रकाशनाने मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढलं, 'विषारी अळंबी'. पहिल्याच गोष्टीत आई मुलाला घेऊन रानात अळंबी वेचायला जाते. माणसांमधली विषारी अळंबी कोण, असं ती विचारते. मुलगा छाती ठोकून सांगतो, ज्यू! आमचे मास्तर नेहमी सांगतात. आई त्याला शाबासकी देते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यू मुलांना जर्मन शाळांमधून काढून टाकलं. अशा शाबासक्या मिळवलेली मुलं तेव्हा वर्गातच बसलेली होती.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला हा सिनेमा दाखवला. शेवटी ब्रूनो कुंपणाखालून छावणीत शिरतो आणि तिथल्या शमुएल या आपल्या ज्यू मित्रासोबत गॅस चेंबरमध्ये मारला जातो, तेव्हा सगळा वर्ग रडला, मीही रडले. मग मी विचारलं, शेवटी शमुएल कुणाला शोधत होता? एक्केचाळीस मुलांत एकालाही सांगता येईना. आपल्या वडिलांना शोधत होता तो! आम्ही सगळे रडलो होतो ब्रूनोसाठी. एक हुशार मुलगी म्हणाली, "पण बाई, शमुएल तर तिथलाच होता ना." त्या एका वाक्यावर मला पुढचा तास हवा होता. मुख्याध्यापकांनी दिला नाही, पोर्शन राहिलाय म्हणाले. त्या मुलीशी ते बोलणं राहूनच गेलं, ते मला आजही खुपतं.

तुमच्या लेखात तर शमुएलचं नावही नाही. 'कुंपणापलीकडचा मुलगा' एवढंच. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेलेल्या मुलांत सुमारे २ लाख १६ हजार ज्यू होती आणि शमुएलच्या वयाच्या बहुतेकांना उतरल्याबरोबर गॅस चेंबरमध्ये पाठवलं जाई. त्यांच्यातल्या एकाचं, निदान सिनेमातल्या तरी, नाव छापायला हवं होतं.

आणखी एक. त्याच पुरवणीत शेवटच्या पानावर पुस्तक प्रदर्शनाची जाहिरात आहे. 'विद्यार्थ्यांसाठी प्रेरणादायी आत्मचरित्रे' या यादीत चौथं पुस्तक हिटलरचं आहे. माझ्या सातवीतल्या नातवाने ती यादी मोठ्याने वाचून दाखवली आणि 'हे घेऊया का' म्हणून विचारलं. ही जाहिरात छापण्यापूर्वी कुणी वाचली होती का, ते कृपया कळवावं.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा