पम्या, ती बशी अजून आहे का?

पम्या,

आठ महिने झाले, तुझ्या मेसेजला उत्तर नाही, शिव्या घाल पण आधी वाच. तब्येती सगळ्यांच्या ठीक, माझी पाठ तशीच.

तायडीच्या साखरपुड्यात चहा फिरला तर अप्पा म्हणाले नको, ॲसिडिटी होते. अप्पा! दिवसाला पाच कपवाले. मी पाणी प्यायला आत गेलो तर ओट्याशी वाकून उभे, कप ओट्यावरच आणि तोंड खाली नेऊन चहा ओढतायत. मला बघितलं आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. मी पेढ्यांचा बॉक्स उचलला आणि बाहेर आलो.

पार्किन्सन नाही म्हणाले डॉक्टर, इसेन्शिअल ट्रेमर, म्हणजे हातांची थरथर. हात मांडीवर असला की गप्प, कप उचलला की सुरू, तोंडाजवळ आला की जास्तच. गोळी चालू आहे, थोडा फरक.

मग काय, आपण डिझायनर ना. पहिला कप जड केला, वजनाने थरथर दबते म्हणून, तर तिसऱ्या घोटाला त्यांचा खांदा धरला. दुसरा झाकणाचा, चोचवाला. उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, 'उष्टावण कुणाचं आहे?' विषय संपला. मग ती पुण्याची डिझायनर मिलेहा सोनेजी आठवली, २०१५ मध्ये नेदरलँड्सला डेल्फ्टच्या टेडेक्समध्ये बोलली होती ती, तिचे काका पार्किन्सनमुळे चारचौघांत चहा-कॉफी टाळायचे म्हणून तिने काठ आत वळवलेला कप केला, हिंदकळलेला चहा कडेने वर चढतो आणि वळून आतच पडतो. आपला गळा आवळलेला तांब्या तेच करतो की! आणि फुलपात्र बरोबर उलटं, काठ बाहेर, पाण्याला सांडायला रस्ताच करून दिलेला. मी तसा कप थ्रीडी प्रिंट केला, पीएलए प्लास्टिकचा, उकळता चहा ओतला आणि कप बसला खाली, साठ डिग्रीला मऊ पडतं हे फर्स्ट इयरच्या पोराला माहीत असतं, हसू नकोस. शेवटी सिरॅमिकमध्ये भाजून घेतला. एक थेंब सांडला नाही रे, आणि मी खूश व्हायच्या आत अप्पा तो बशीत ओतायला गेले, सगळा ओघळ कपाखालून शर्टावर.

पन्नास वर्षं माणूस बशीतनं पितोय आणि मी त्याच घरात राहून कप कप करत बसलो. थरथरत्या हाताला बशीइतकं वाईट भांडं नाही, उथळ, पसरट, पण चहा निवतो तिच्यातच आणि फुरका मारल्याशिवाय त्यांना प्यायल्यासारखं वाटत नाही. माझा कप शोकेसमध्ये, 'आमच्या चिरंजीवांनी केलाय' म्हणून पाहुण्यांना दाखवतात, आणि ओट्याशी वाकणं चालूच.

तर तुझी फायनल इयरची बशी. खोल, मधे खळगा, दोन बाजूंना कान. ज्युरीसमोर मी तिला कुत्र्याचं ताट म्हणालो आणि तू महिनाभर बोलला नाहीस (माझे दोनशे रुपये तू अजून दिले नाहीस, ते वेगळं). कोपरं टेबलावर टेकवून ते दोन्ही कान धरले तर अप्पांना जमेल असं वाटतंय. साचा आहे? निदान ड्रॉइंग?

तुझी बदली, काकूंचा गुडघा, पिंट्याची ॲडमिशन, सगळं फोनवर, रविवारी नक्की. बशी सापडली तर फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून, नेहमीसारखं अंदाजपंचे नको.

तुझा,
बंड्या