मोतीबिंदू पिकायची वाट बघू नकोस

लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकाचा फोन आला होता. "अजून पिकला नाही, थंडी पडली की बघू," असं तू म्हणतोयस म्हणे. ऐकून राहवलं नाही.

पिकायची वाट बघायचे दिवस गेले, दत्ता. तेव्हा डोळ्यातलं गढूळ झालेलं अख्खं भिंग काढायचे, टाके पडायचे. आता अडीच-तीन मिलीमीटरच्या छेदातून आतल्या आत भिंगाचा चुरा करून ओढून घेतात आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग आत सरकवतात. मोतीबिंदू जितका जुना तितका कडक, आणि कडक झाला की फोडताना डोळ्याला इजा व्हायची भीती वाढते. हंगामाचा तर काही संबंधच नाही. रात्री गाडीवर समोरचा उजेड फाकतो म्हणतोस, तेवढं कारण पुरेसं आहे.

आता नीट ऐक. आपल्याकडची माणसं डॉक्टरपुढं बसली की मुकी होतात. नोकरीभर नेत्रविभागात हेच बघत आलो. तू लघवीसाठी रोज रात्री गोळी घेतोस ना? पाकिटावर टॅम्सुलोसिन लिहिलंय का बघ. त्या गोळीनं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. ऑपरेशन चालू असताना तो लुळा होऊन हेलकावतो, बाहुली आकसते. आधी कळलं तर सर्जन तयारीनं उतरतो, ऐनवेळी कळलं तर सगळंच अवघड होतं. गोळी मनानं बंद करू नकोस, बंद केली तरी परिणाम राहतो. रक्त पातळ करायची गोळी, साखर, जुना मार, सगळं सांग.

भिंगाचंही तसंच. साध्या भिंगानं लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या मल्टिफोकल भिंगानं चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तू अंधारात शेतातल्या आखाड्यावरून गाडीवर येतोस, हे डॉक्टरला तुझ्याच तोंडानं सांग. माझं मत विचारशील तर तुला साधंच बरं. पैशाचं म्हणशील तर जिल्हा रुग्णालयात मोफत होतं, अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी म्हणून नाक मुरडू नकोस. आपल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयातच नावारूपाला आले.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिना थेंब. हात धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता टाकायचे, दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. सुरुवातीला डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचा नाही. सोयाबीनची रास लेकावर सोड, त्या धुरळ्यात तू उभंसुद्धा राहायचं नाहीस.

थोडं खुपणं चालतं. पण ठणका वाढला, लाली वाढली, दिसायचं कमी झालं, तर रात्र असो की सणवार, त्याच दिवशी दवाखाना गाठ. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासातासानं नजर जाते. "उद्या बघू" म्हणून डोळे गमावलेली माणसं मी पाहिलीत रे.

काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नकोस. कृत्रिम भिंगामागचा पातळ पापुद्रा गढूळ होतो, लेझरनं काही मिनिटांत साफ होतो.

सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो लेकाला पाठवायला सांग. तपासणीला मी येतो सोबत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव