माझ्या खेळाला साजेसे ब्लेड शोधून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

टेबल टेनिसचे नवे ब्लेड, म्हणजे बॅटची रबराखालची लाकडी फळी, निवडताना आपण मला जी मदत केली, तिच्याबद्दल समोरासमोर आभार मानायला लागलो की आपण "आधी सर्व्हिस कर" असे म्हणून विषय बदलता. त्यामुळे हे पत्र लिहीत आहे, आणि ते सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण त्या तीन आठवड्यांत आपण मला जे दाखवले ते माझ्यासारख्या पुष्कळ हौशी खेळाडूंच्या उपयोगी पडेल.

त्या वेळी माझ्या हातात बाहेरच्या लाकडी थराच्या लगेच खाली कार्बन-अ‍ॅरिलेटचा थर, म्हणजे फळी कडक करणाऱ्या कृत्रिम तंतूंचा थर, असलेले ब्लेड होते. अव्वल खेळाडू तशाच ब्लेडने खेळतात, एवढ्या एका कारणावर मी ते घेतले होते. माझे लूप, म्हणजे चेंडूला खालून वर घासून मारलेले फिरकीचे फटके, टेबलाबाहेर जात, ते जाऊ नयेत म्हणून मी हात आखडता घेई, आणि हात आखडला की स्पिनच येत नसे. दोष रबराचा असावा असे समजून मी आपल्याला "कोणते रबर घेऊ?" असे विचारले. आपण उत्तर दिले नाही. दोन संध्याकाळी वही घेऊन कडेला बसलात आणि माझे गमावलेले गुण तेवढे टिपत राहिलात. आक्रमणात गमावलेल्या २६ गुणांपैकी १७ वेळा चेंडू लांब गेला होता आणि जाळीत फक्त ३ वेळा, हे मला त्या वहीतूनच कळले.

नंतर आपण माझी बॅट दिव्याखाली तिरकी धरून फोरहँडच्या रबराची चकाकी कुठे गेली आहे ते पाहिलेत. टोकाच्या बाजूला एक मळकट, तिरकस पट्टा होता आणि मधला भाग जवळजवळ नवा होता. "तू चेंडू मारत नाहीस, घासतोस. तुला थोडी वाकणारी फळी हवी," असे आपण म्हणालात. माझ्या खेळाचे इतके नेमके वर्णन मला स्वतःलाही कधी करता आले नव्हते.

पण माझ्या मनावर खरा ठसा उमटला तो रबर काढलेली तीन ब्लेड आपण समोर मांडलीत तेव्हा. मूठ दोन बोटांत सैल धरून आपण प्रत्येकावर चेंडू टाकलात. कार्बनच्या ब्लेडमधून कोरडा, उंच 'टक' आला. लिंबा या आफ्रिकी लाकडाचे बाहेरचे थर आणि अयूस या हलक्या लाकडाचा गाभा असलेल्या ५ थरांच्या लाकडी ब्लेडमधून खालच्या पट्टीतला आवाज आला आणि त्याची थरथर अंगठ्याच्या मुळापर्यंत पोचली. स्वर जितका उंच तितकी फळी कडक, हा आपला ठोकताळा तेव्हापासून मी प्रत्येक बॅटवर करून पाहतो, आणि त्यामुळे लोकांच्या बॅटी विनाकारण हाताळण्याची वाईट खोडही मला लागली आहे. जाडीकडे पाहायलाही आपणच शिकवलेत: लाकूड तेच ठेवून जाडी ५.५ मिलिमीटरवरून ६ वर नेली, तर कडकपणा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अर्ध्या मिलिमीटरला मी त्याआधी कधीच किंमत दिली नव्हती.

चेंडू बॅटला टेकतो तो सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता, आणि तेवढ्यात हाताला काहीही दुरुस्त करता येत नाही. फळी किंचित वाकली तर ती चेंडूला क्षणभर जास्त धरून ठेवते, पुढे जाणारा वेग थोडा कमी होतो आणि चेंडू उंच कमान घेऊन जाळीवरून जातो. माझ्यासारख्या हळू पण पूर्ण हात फिरवून लूप मारणाऱ्याला ही कमान म्हणजे चुकीला मिळालेली जागाच असते.

तोटेही आपण लपवले नाहीत, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. ब्लेड हातात देताच आपण पहिल्याच दिवशी मला शंभर ब्लॉक करायला, म्हणजे समोरून आलेला फटका नुसती बॅट धरून परतवायला, लावलेत. हात नुसता समोर धरला की फळी दबे आणि चेंडू कधी जाळीत, कधी समोरच्याच्या छातीएवढा उंच जाई. टेबलापासून दोन पावले मागे गेल्यावर अर्धा झटका पुरत नसे. टेबलाला चिकटून ब्लॉक आणि स्मॅशवर खेळणाऱ्याला हे ब्लेड देणार नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. उलट मागे राहून चॉप करणाऱ्याला, म्हणजे चेंडू खालून कापत बचाव करणाऱ्याला, आपण मऊ, रुंद फळीच सुचवाल, आणि तिथे २००३ च्या पॅरिसमधील जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या दक्षिण कोरियाच्या बचावपटू जू से-ह्युकचा दाखला आपल्या तोंडी ठरलेला असतो. मऊ फळीवर रबराखालचा स्पंजही फार मऊ लावू नये, जोराच्या फटक्यात तो पूर्ण दबून चेंडू मेल्यासारखा पडतो, म्हणून स्पंज मध्यम कडक हवा, हेही आपलेच म्हणणे. शंभराव्या ब्लॉकपर्यंत माझे मनगट थोडे पुढे जायला शिकले होते.

एका बाबतीत मात्र माझे आपल्याशी अजून पटत नाही. खाली पसरणारी मूठच हाताला बसते, हा आपला आग्रह असतो; मला सरळ मूठ बरी वाटते, आणि नवे ब्लेड मी तसेच घेतले आहे. आपण ते पाहून काही बोलला नाहीत, हाही मी उपकारच समजतो.

माझ्या नव्या ब्लेडचे वजन ८४ ग्रॅम आहे. गेल्या आठवड्यात आपली ती जुनी वही मागून घेऊन मी पुन्हा मोजदाद करून घेतली: आक्रमणात गमावलेल्या २१ गुणांपैकी लांब गेलेले चेंडू ६. ब्लॉकमध्ये गेलेले गुण मात्र वाढले आहेत आणि त्यांचे पान मी मुद्दाम दुमडून ठेवले आहे. विकत घेण्याआधी तीन आठवडे आपण स्वतःचे ब्लेड मला वापरायला दिले होते, ते उद्या परत आणतो. रबर काढताना लाकडाचा एकही तंतू उचटू दिलेला नाही, फक्त मुठीवर माझ्या घामाचा डाग राहिला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला नम्र,
तीन नंबरच्या टेबलावरचा डावखुरा